बाटलीतलं पाणी, कपाटातला कागद

एमआयडीसीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावरच्या एका घरात, देवघराशेजारच्या फडताळात, मी पाण्याच्या बाटल्यांची रांग पाहिली आहे. बाजारात मिळतात त्याच लिटरच्या बाटल्या, पाणी पिऊन झाल्यावर धुऊन ठेवलेल्या. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने तारीख आणि 'वरची विहीर' नाहीतर 'खालची विहीर'. काहींतलं पाणी कोऱ्या चहासारखं, काहींतलं नुसतंच गढूळ, तळाशी बोटभर गाळ. घरातल्या नानांनी एक बाटली उचलून हलवली, तसा गाळ ढगासारखा वर आला. "सात वर्षांचा पुरावा आहे हा," ते म्हणाले. कोर्टात या रांगेला फारशी किंमत मिळणार नाही, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

१९७४च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ वाचलं की कारण कळतं. प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याने सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर तो का घेतोय याची नोटीस तिथल्या तिथे कारखानदाराला द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भाग सीलबंद करायचे, त्यावर दोघांनी सह्या करायच्या आणि मग तो प्रयोगशाळेत पाठवायचा. ही रीत चुकली तर तपासणीचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्याची ही गत, तिथे नानांच्या बाटलीला कोण विचारणार? नियम अगदीच अन्यायाचा आहे असं मी म्हणणार नाही. बाटलीत काय वाटेल ते मिसळता येतं आणि उद्या कुणीही कुणावरही किटाळ आणू शकतो. फक्त एक आहे. सीलचं लाखकाम सुरू असताना पाइपातून येणारं पाणी आणि रात्री दोन वाजता येणारं पाणी यांचा रंग एकच असतो, असं कारखान्याशेजारी राहणारा कोणीही शपथेवर सांगणार नाही.

पण समजा, नानांची बाटली कोर्टाने मान्य केली. ती काय सांगेल? पाण्यात अमुक रसायन तमुक प्रमाणात आहे, एवढंच. ते कुणी सोडलं हे ती फार तर सुचवेल. ते सोडणाऱ्याला काय ठाऊक होतं, कधीपासून ठाऊक होतं आणि ठाऊक झाल्यावर त्याने काय केलं, याबद्दल बाटली मुकी आहे. आणि निष्काळजीपणा म्हणजे नेमकं हेच. तो पाण्यात विरघळत नाही. तो असतो प्रयोगशाळेच्या वहीत, बैठकीच्या टिपणात, एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला लिहिलेल्या दोन ओळींच्या चिठ्ठीत, आणि हे सगळं असतं कंपनीच्या कपाटात. पाणी नासवल्याच्या खटल्यात खरी झटापट त्या कपाटाच्या किल्लीसाठी असते, असं माझं म्हणणं आहे. आपल्या देशाने कायद्यात मोठी उडी मारली खरी, पण ती मारताना ही किल्ली मागायचीच राहून गेली.

किल्ली हाती आली की काय होतं, ते अमेरिकेतल्या पार्कर्सबर्गने दाखवलं. वेस्ट व्हर्जिनियातलं, ओहायो नदीकाठचं हे गाव. तिथे ड्यूपाँट कंपनीचा टेफ्लॉनचा कारखाना. टेफ्लॉन बनवताना १९५१पासून पीएफओए नावाचं एक रसायन वापरात होतं. कारखान्यात त्याला 'सी-८' म्हणत. कंपनीच्या कचरा पुरण्याच्या जागेलगत एका शेतकऱ्याची गुरं चरत आणि त्याच जागेवरून वाहत येणाऱ्या ओढ्याचं पाणी पीत. गुरं झुरायला लागली, मरायला लागली. त्या माणसाने नानांसारखंच केलं, फक्त बाटलीऐवजी व्हिडिओ कॅमेरा घेतला. ओढ्यावरचा फेस, मेलेल्या वासरांचे डोळे, फाडून पाहिलेली काळीज-फुप्फुसं, सगळं टेपवर घेतलं. कंपनी आणि सरकारी पर्यावरण खातं यांनी मिळून नेमलेल्या पशुवैद्यांनी निष्कर्ष काढला की शेतकऱ्यालाच गुरं नीट सांभाळता येत नाहीत. त्याची टेप होती तिथेच राहिली.

१९९९मध्ये रॉब बिलॉट या वकिलाने त्याच्या वतीने दावा लावला. गंमत अशी की हा गडी तोवर रसायन कंपन्यांचीच वकिली करत आलेला. त्यामुळे कपाट कुठे असतं आणि त्यात काय असतं, हे त्याला बाहेरच्या माणसापेक्षा चांगलं ठाऊक. अमेरिकी दिवाणी प्रक्रियेत वादाशी संबंध असलेले कागद समोरच्याला द्यावेच लागतात. कंपनी टाळाटाळ करत होती; कोर्टाचा हुकूम निघाल्यावर खोकीच्या खोकी आली. एक लाख दहा हजार पानं. बिलॉट महिनोन् महिने ऑफिसच्या जमिनीवर बसून ती तारीखवार लावत होता.

त्या पानांतून जे निघालं ते कोणत्याही बाटलीतून निघालं नसतं. या रसायनाने उंदीर आणि सशांचं यकृत वाढतं, हे कंपनीच्या संशोधकांना १९६१मध्येच दिसलं होतं. १९८१मध्ये रसायन पुरवणाऱ्या ३एम कंपनीने कळवलं की गाभण उंदरांच्या पिल्लांमध्ये डोळ्यांचे दोष दिसताहेत. तेव्हा ड्यूपाँटने आपल्याच कारखान्यातल्या गरोदर कामगार बायकांची माहिती काढली. सात बाळांपैकी दोघांच्या डोळ्यांत दोष होता. ही गोष्ट बाहेर गेली नाही. १९८४मध्ये कंपनीने गावातल्या नळांचं पाणी गुपचूप तपासलं आणि त्यात रसायन सापडलं. १९९१मध्ये कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित मर्यादा ठरवली, अब्जात एक भाग. त्याच वर्षी शेजारच्या एका पाणीपुरवठ्यात त्याच्या तिप्पट प्रमाण निघालं. ते लोकांना कुणी सांगितलं नाही.

पीएफओएवर तेव्हा सरकारी बंधन नव्हतं. कायदा मोडला नाही हे कंपनीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पण निष्काळजीपणा मोजायला सरकारचीच फूटपट्टी लागते असं थोडंच आहे? इथे कंपनीने स्वतः फूटपट्टी बनवली, स्वतः मोजलं, माप चुकलेलं पाहिलं आणि फूटपट्टी कपाटात ठेवली. यापेक्षा चोख पुरावा मला सुचत नाही. आपल्याकडे कारखानदार मंडळाचं संमतीपत्र ढालीसारखं पुढे धरतात, तेव्हा मला ही १९९१ची फूटपट्टी आठवते. संमती म्हणजे परवानगी. काळजी घेतली याचा दाखला नव्हे.

तरीही एक खिंड उरलीच होती. कंपनीला माहीत होतं हे ठरलं, पण त्याच रसायनाने आजार होतो हे कुठे ठरलं होतं? पाण्यातल्या विषाचं सगळ्यात अवघड दुखणं हेच. मूत्रपिंडाचा कर्करोग कारखान्याशेजारी न राहणाऱ्यालाही होतो आणि त्याच्यावर कुणाची सही नसते. मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नच्या खटल्यात, जिथे विहिरींच्या पाण्याशी मुलांच्या ल्युकेमियाचा संबंध जोडला जात होता, १९८६मध्ये न्यायाधीशांनी ज्यूरीला विचारलं होतं की प्रत्येक रसायन विहिरीत कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात पोचलं ते सांगा. जमिनीखालच्या पाण्याची जन्मपत्रिका मांडण्यासारखंच ते. एका कारखान्याच्या जमिनीबाबतचा अहवाल खटल्यात द्यायला हवा होता आणि दिला नव्हता, हे निकालानंतर उघड झालं. निकाल मात्र बदलला नाही. ड्यूपाँटच्या बाबतीत ही खिंड वेगळ्या वाटेने ओलांडली गेली. २००४च्या तडजोडीत ठरलं की तीन साथरोगतज्ज्ञांनी संबंध आहे की नाही ते ठरवावं आणि त्यांचं उत्तर दोन्ही बाजूंवर बंधनकारक असावं. तडजोडीचे पैसे वाटून मोकळं होण्याऐवजी त्यातून लोकांना रक्त तपासून घेण्यासाठी माणशी ४०० डॉलर दिले गेले. सुमारे ६९ हजार लोकांनी रक्त दिलं. सात वर्षं लागली. सहा आजारांशी संबंध असण्याची शक्यता तज्ज्ञांनी मान्य केली, त्यांत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग होता. मग २०१५मध्ये पहिल्या खटल्यात ज्यूरीने कंपनीला निष्काळजी ठरवलं, आणि २०१७मध्ये साडेतीन हजारांवर दावे ६७ कोटी १० लाख डॉलरना मिटले.

आता उलटा प्रश्न. कंपनीला खरोखरच ठाऊक नसेल तर?

इंग्लंडने याचं एक उत्तर दिलं आहे आणि ते मला पटत नाही. केंब्रिजजवळच्या सॉस्टन गावात कातडी कमावण्याचा कारखाना होता. चरबी काढायला वापरायचं द्रावण पिंपातून टाकीत ओतताना थोडंथोडं सांडायचं, फरशीतून जमिनीत मुरायचं. असं कित्येक वर्षं, १९७६पर्यंत. ते मुरत मुरत दोन किलोमीटरवरच्या पाणीपुरवठा कंपनीच्या विंधनविहिरीपर्यंत गेलं. १९९३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की इतकंसं सांडलेलं इतक्या लांबचं पाणी नासवेल, हे त्या काळच्या कारखानदाराला कळणं शक्य नव्हतं. म्हणून तो जबाबदार नाही. ऐकायला न्याय्य वाटतं. पण याचा व्यवहारातला अर्थ असा, की जो शोधत नाही त्याला सापडत नाही आणि ज्याला सापडत नाही तो सुटतो. तपासणीवर पैसे खर्च करणारा मात्र पुराव्यानिशी अडकतो.

जपानमध्ये वीस वर्षं आधीच दुसरं उत्तर मिळालं होतं, तेही फार मोठी किंमत मोजून. मिनामाता हे कोळ्यांचं गाव, तिथे चिस्सो कंपनीचा कारखाना. १ मे १९५६ला कारखान्याच्या दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी आरोग्य केंद्राला कळवलं की मेंदूचा एक अनोळखी आजार पसरतोय. मांजरं नाचल्यासारखी वेडीवाकडी होऊन मरत होती, पाठोपाठ माणसं. होसोकावांनी मांजरांवर प्रयोग सुरू केले. १९५९च्या ऑक्टोबरात ४०० क्रमांकाच्या मांजराला नेमका तोच आजार झाला. त्याच्या खाण्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी मिसळलं जात होतं. कंपनीने पुढचे प्रयोग थांबवले. मांजराची गोष्ट कपाटात गेली.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत कंपनीने जे केलं ते मला मांजरापेक्षाही बोलकं वाटतं. डिसेंबरात सांडपाणी शुद्ध करण्याचं नवं यंत्र थाटामाटात सुरू झालं. या यंत्राने पारा निघत नव्हता. आणि ३० डिसेंबर १९५९ला कंगाल झालेल्या रुग्णांच्या कुटुंबांशी करार झाला. नाव 'सांत्वनाची रक्कम'. भरपाई हा शब्द मुद्दाम टाळलेला. त्यात एक कलम असं होतं की उद्या आजाराचं कारण कारखान्याचं सांडपाणीच निघालं, तरी रुग्ण आणखी काही मागणार नाहीत. ज्याला आपला दोष नाही अशी खात्री आहे, त्याला हे कलम घालावंसं का वाटेल? कधी कधी दडवलेल्या कागदापेक्षा सहीसाठी पुढे केलेला कागदच जास्त सांगून जातो.

पाऱ्याचं सांडपाणी १९६८पर्यंत सुरू राहिलं. १९६९मध्ये रुग्णांनी दावा लावला. होसोकावा तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. १९७०च्या जुलैत त्यांनी रुग्णालयाच्या खाटेवरून मांजराबद्दल साक्ष दिली आणि ऑक्टोबरात ते गेले. इतकी वर्षं ते गप्प का राहिले, हा प्रश्न मला सुटत नाही आणि त्यांना सहज माफही करवत नाही. पण ते बोलले नसते तर ते मांजर कपाटातच राहिलं असतं.

कंपनीचा बचाव सॉस्टनच्या कारखान्यासारखाच होता. आमच्या प्रक्रियेत असा सेंद्रिय पारा तयार होतो हे आम्हाला आधी कसं कळणार? २० मार्च १९७३ला कुमामोतोच्या न्यायालयाने हा बचाव फेटाळला. रासायनिक कारखान्याने उत्तमात उत्तम ज्ञान आणि तंत्र वापरून आपलं सांडपाणी तपासत राहिलं पाहिजे, शंका आली तर काम थांबवायची तयारी ठेवली पाहिजे. न तपासता समुद्रात सोडणं हाच निष्काळजीपणा. कोणतं विष, हे नेमकं आधी कळायला हवं असं नाही. सांत्वनाच्या रकमेचा करारही न्यायालयाने लोकनीतीविरुद्ध म्हणून मोडीत काढला. न कळणं हा इंग्लंडमध्ये बचाव ठरला आणि जपानमध्ये तोच दोष ठरला. मी जपानच्या बाजूचा.

त्याआधी, सप्टेंबर १९७१मध्ये, निइगाता इथल्या न्यायालयाने किल्लीच्या प्रश्नालाच हात घातला होता. आगानो नदीकाठी हाच आजार झाला होता, वर शोवा डेन्को कंपनीचा कारखाना. न्यायालयाने कार्यकारणाच्या साखळीचे तीन दुवे केले: आजार कशाने होतो, ते विष रुग्णापर्यंत कसं पोचलं, आणि कारखान्यात ते कसं तयार होऊन बाहेर पडलं. तिसरा दुवा बाहेरच्या माणसाला कसा कळणार? म्हणून पहिले दोन दुवे जोडत रुग्ण कारखान्याच्या फाटकापर्यंत येऊन पोचला की त्याचं काम संपलं. पुढचं कंपनीने सांगायचं. सांगता आलं नाही तर विष तिचंच मानायचं. फाटकाच्या आतलं सिद्ध करायला फाटकाबाहेरच्याला सांगू नये, इतकी साधी गोष्ट. आपल्या पुरावा कायद्यातही हिचं बीज आहेच: जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. पूर्वी ते कलम १०६ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात १०९ झालं. प्रदूषणाच्या दाव्यात ते हक्काने वापरलेलं मात्र क्वचित दिसतं.

आपण वेगळ्या रस्त्याने गेलो. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीनंतर सरन्यायाधीश भगवतींच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६मध्ये निरपवाद जबाबदारीचं तत्त्व मांडलं: धोक्याचा उद्योग करणाऱ्याने कितीही काळजी घेतलेली असो, नुकसान झालं की भरपाई त्याची. म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध करायची गरजच संपली. पाण्याच्या बाबतीत हे तत्त्व उदयपूरजवळच्या बिछडी गावासाठी वापरलं गेलं. तिथे रंगद्रव्यांसाठी लागणारं एच-अ‍ॅसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर टाकला, तो मुरला, विहिरी नासल्या. नागपूरच्या 'नीरी'च्या शास्त्रज्ञांनी जमीन-पाणी तपासून खर्चाचा अंदाज दिला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यांना जबाबदार धरलं, पुढच्या वर्षी ३७ कोटी ३८ लाख ५० हजारांची रक्कम ठरली. पैसे आले नाहीत. अर्ज, फेरअर्ज, पुन्हा अर्ज. २०११मध्ये न्यायालयाने वैतागून १२ टक्के चक्रवाढ व्याज आणि दहा लाखांचा खर्च लावला. याचिका १९८९ची होती.

निरपवाद जबाबदारीचं तत्त्व मोठं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझी तक्रार एवढीच, की निष्काळजीपणा सिद्ध करायचा नाही म्हटल्यावर कपाट उघडायचं कारणही उरत नाही. नुकसान मोजायचं, रक्कम ठरवायची, वसुलीमागे धावायचं. कुणाला काय कधी ठाऊक होतं, कुणी कुणाच्या पत्रावर 'फाइल करा' असा शेरा मारला, हे न विचारताच फाइल बंद होते. ते कळलं असतं तर पुढच्या गावाला त्याचा उपयोग झाला असता, आणि कोणाची सही होती तेही दिसलं असतं. दंड कंपनी भरते, सही करणारा दुसऱ्या कंपनीत रुजू होतो.

जे दरवाजे आहेत तेही किलकिले. माहिती अधिकार खासगी कंपनीला लागू नाही. सरकारी खात्याला कायद्याने मागवता येईल तेवढीच कंपनीची माहिती त्यातून मिळू शकते, आणि तिथेही 'व्यापारी गुपित' आडवं येतं. जल कायद्याच्या कलम ४९खाली नागरिक साठ दिवसांची नोटीस देऊन फिर्याद करू शकतो आणि मंडळाकडचे अहवाल मागू शकतो, पण मंडळाला सार्वजनिक हिताच्या नावाखाली ते नाकारता येतात. हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई मागायची मुदत कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून पाच वर्षं. पंधरा वर्षांनी उठणाऱ्या गाठीने ही मुदत कशी पाळायची?

निइगाताची रीत आपल्याकडे आणा म्हटलं की लहान कारखानदार चिडतात, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. सिद्ध करण्याचा भार आमच्यावर टाकलात तर गावातली प्रत्येक खारट विहीर आमच्या नावावर चढेल, असं ते म्हणतात. पण निइगाताच्या रीतीत पहिले दोन दुवे गावानेच जोडायचे आहेत. नुसत्या बोटाने फाटक उघडत नाही. शिवाय ज्याने रोजच्या नोंदी नीट ठेवल्या त्याला हे फाटक उघडायला दहा मिनिटं पुरतील. खरी अडचण आहे ती सामायिक सांडपाणी केंद्राची. शंभर कारखान्यांचं पाणी एका टाकीत, एका पाइपातून बाहेर. विचारलं तर जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. माझ्या मते तिथे फाटक म्हणजे ते केंद्रच. कोणाकडून काय आलं याचा हिशेब केंद्राने द्यावा. देता आला नाही तर सगळ्यांनी मिळून भरावं.

पार्कर्सबर्गची गोष्टही आपल्यासाठी दूरची राहिलेली नाही. इटलीत विचेन्झाजवळ मितेनी नावाचा, पीएफओएच्याच कुळातली रसायनं बनवणारा कारखाना होता. भूजल नासवून २०१८मध्ये तो दिवाळखोरीत निघाला. जून २०२५मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्याची यंत्रसामग्री लिलावात महाराष्ट्रातल्या एका उद्योगाने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला आली. यंत्रं आली याची बातमी झाली. त्या यंत्रांभोवती इटलीत साठलेले कागद, म्हणजे काय तपासलं, काय सापडलं, कुणाला कळवलं, हे खेड-चिपळूणच्या माणसाला मराठीत वाचायला मिळावेत अशी मागणी करायला कोणतं कलम शोधायचं, यावर मी बराच वेळ घालवला.

किल्ली हाती आलेल्या माणसांचं एक उदाहरण जपानमध्येच आहे. जिंझू नदीच्या काठी मित्सुईच्या कामिओका खाणीतल्या कॅडमियमने शेतकरी बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली, की त्या सतत 'इताई, इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' म्हणत. आजाराचं नावही तेच पडलं. १९७२च्या ऑगस्टमध्ये अपिलातही गावकरी जिंकले. दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या टोकियोतल्या मुख्य कचेरीत गेले आणि भरपाईच्या हमीबरोबर आणखी एक कागद लिहून घेऊन आले: आम्हाला वाटेल तेव्हा आमच्या तज्ज्ञांसह आत येऊन पाहू, मागू ते आकडे द्यायचे. तेव्हापासून दर वर्षी गावकरी आणि शास्त्रज्ञ खाणीत उतरतात, गाळाचे साठे पाहतात, सांडपाण्याच्या नोंदी चाळतात. नदीतलं कॅडमियम उतरत उतरत निसर्गात असतं त्या पातळीवर आलं आहे. तपासणीच्या दिवशी फाटक कंपनीचाच माणूस उघडतो, आणि तज्ज्ञांचा खर्चही कंपनीच देते.